डावे मडगार्ड आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, पत्रेकाम करणाऱ्याची थोरली मुलगी आणि आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली पहिली, हे मृत्युपत्र जाग्या डोक्याने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. ते लिहायला कोणी मागे लागलेले नाही. उलट "लिहू नको" म्हणून सगळे मागे लागले आहेत. गुरुवारी माझ्या पित्ताशयातले खडे काढायचे आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी चालत घरी जाल." मी विचारले, "आणि नाही गेले तर?" त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. म्हणून हा कागद.

१. घर माझ्या नावावर नाही, तेव्हा त्यावरून भांडण संभवत नाही. बँकेत आहे ते धाकट्या बहिणीला. "शिक्षणासाठीच वापरावे" असे पुढे लिहिले होते, ते खोडले. दिलेल्या वस्तूला दोरी बांधून ठेवू नये.

२. पाट्या रंगवायचे ब्रश आणि रंग वहिनीला. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. हे मी आजवर कबूल केलेले नाही.

३. शब्दकोश काकांना. "एवढं शिकून शेवटी पाट्याच रंगवतेस ना?" असे ते सगळ्यांसमोर म्हणाले होते. "पाटी" हा शब्द ज्या पानावर आहे तिथे खूण घातली आहे. राग उरलेला नाही, पण खूण काढू नये.

४. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचा माझा पास आईला. तिने गर्दी व्हायच्या आत जावे आणि फ्रेंच गाड्यांच्या रांगेत निळ्या डेलाहेपाशी थांबावे. (हे नाव लिहायचे पूर्ण आणि बोलताना अर्धे गिळायचे असते. वडिलांनी तिचे "दिलावर" करून प्रश्न मिटवला.) गाडी समोरून नव्हे, बाजूने पाहावी. बॉनेट इतके लांब की चालवणारा मागे पाहुण्यासारखा बसतो. मडगार्ड चाकावरून उतरते ते नळाच्या तोंडाशी लोंबणाऱ्या थेंबासारखे. आता पडेल असे वाटते आणि पडत नाही. फ्रेंचांच्या देशात गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, तरी हिचे स्टिअरिंगही उजवीकडेच. त्या काळच्या भारी गाडीचे ते लक्षणच होते म्हणे. सोयीपेक्षा ऐट मोठी. दर वर्षी गाड्यांपुढच्या पाट्या लावून झाल्या की मी तासभर तिथे उभी राहते. त्या तासात मला कसलीही काळजी वाटत नाही. हे किती दुर्मिळ आहे ते आईला ठाऊक आहे.

५. खरे तर या कलमासाठीच बाकीची लिहिली. सहा वर्षांपूर्वी दिलावर नव्या मालकांकडे आली आणि तिच्या माहितीची पाटी मी रंगवली. गाडीवर पूर्वी आमच्या वर्कशॉपमध्ये काम झाले होते, म्हणून मी आधी वडिलांना विचारले, "बाबा, डावं मडगार्ड ओरिजिनल आहे ना?"

"एकदम ओरिजिनल."

मी लिहिले, "सर्व पत्रा मूळ कारखान्याचा." मूळ स्थितीतल्या गाड्यांचा चषक तिला तेव्हापासून दर वर्षी मिळतो. पुढे दोन वर्षांनी मला कळले की पत्रेकामात "ओरिजिनल" म्हणजे असे काम, की जोड कुठे आहे ते करणाऱ्यालाही सापडू नये. ते मडगार्ड वडिलांनी सपाट पत्र्यातून ठोकून घडवले आहे. त्यांना सही तेवढी येते, वाचता येत नाही, त्यामुळे पाटीवर काय आहे हे त्यांना माहीत नव्हते. मी चुकीचे लिहिले, आणि कळल्यावरही चार वर्षे गप्प बसले. मालक चिडले तर त्यांच्या गाड्यांचे वडिलांकडचे काम जाईल, ही भीती. माझ्या पश्चात ती पाटी उतरवून खरी लावावी आणि तिच्यावर वडिलांचे नाव घालावे.

६. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. वडिलांना मी माझे घड्याळ लिहिले होते. ते म्हणाले, "घड्याळ राहू दे, मला साक्षीला घे. पण ऐकल्याशिवाय सही नाही करणार." आज सकाळी त्यांना सगळे वाचून दाखवले. पाचवे कलम मी भरभर वाचले.

"तुझ्या पश्चात म्हणजे?" ते म्हणाले. "मी काय शंभर वर्षं थांबू?"

"मालक काम काढून घेतील, बाबा."

"घेऊ देत. कोणी केलंय हे कळलं की दुसरे येतील. नाही आले तर माझ्या खांद्याला आराम. पोटातले खडे गुरुवारी निघतील, हा पाटीचा खडा बुधवारी काढून टाकू. मी येतो बरोबर." मग कागदाकडे बोट दाखवून, "आणि लिहितेच आहेस तर नीट लिही. उजवं दारही माझंच आहे."

ते दार सहा वर्षे दर प्रदर्शनात मी स्वतः पुसते आहे, कधी शंका आली नाही.

"आणि बाकीची गाडी?"

"ओरिजिनल."

"तुमचं ओरिजिनल की माझं?"

"तुझं."

पाचव्या कलमातले "माझ्या पश्चात" खोडून "येत्या बुधवारी" केले आहे आणि उजवे दार वाढवले आहे. दोन्ही दुरुस्त्यांपाशी माझी सही आहे.

ठिकाण: वर्कशॉप, पत्रा ठोकायच्या टेबलावर, खाली वर्तमानपत्र घालून.
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा रविवार.
सही: थोरली मुलगी.

साक्षीदार पहिल्या: शेजारच्या शिंपीणबाई. त्यांनी फक्त सही पाहिली. मजकूर नको म्हणाल्या, पोटात राहत नाही.

साक्षीदार दुसरे: वडील, पत्रेकाम. सहीची रेघ सरळ यावी म्हणून त्यांनी आधी आखून घ्यायला पेन्सिल मागितली. मी दिली नाही. सही ओरिजिनल हवी, माझ्या अर्थाने.