बुटांचा सिलॅबस

२ नोव्हेंबर, रविवार. दुपार.
नवी वही. यूपीएससीचे अटेम्प्ट संपले म्हणजे माणूस संपत नाही, असं आज स्वतःला ठणकावून सांगितलं. दिल्लीतली, मुनिरकाची ही खोली आता माझ्या एकट्याची. सहा वर्षं सोबत राहिलेला रूम पार्टनर आशय सप्टेंबरात पोस्टिंगवर गेला. खोली मोठी झाली. चिंतनाला उत्तम.

सकाळी नरसिंह भेटला. सोलापूरचा, माझ्याआधी दोन वर्षं अटेम्प्ट संपवून बसलेला. आता नोएडाच्या सोसायट्यांतली झाडं दोराने चढून छाटतो. म्हणाला, संग्राम, रविवारी येत जा यार, खाली दोर सांभाळायला भरवशाचा माणूस हवाय. पायात काहीतरी मजबूत घाल. काम झालं की सगळे झाडाखालीच डबा खातो.

खाली दोर, हा त्याचा विनय. पोस्ट ग्रॅज्युएट माणसाला कोणी खाली उभं करत नाही. चढायलाच बोलावतोय, उघड आहे. आणि 'पायात काहीतरी मजबूत' ही प्रिलिम.

४ नोव्हेंबर
नोट्स सुरू. तळवा कडक हवा; दोराच्या फासात उभं राहायचं तर मऊ तळवा वाकतो. घोटा झाकलेला. रबर सालीवर पकड घेणारं. दोर घासतो त्या बाजूचं चामडं जाड. खिळ्यांचे बूट बाद, जिवंत झाडाला जखमा होतात. चार रंगांची पेनं. एकतीस पानं झाली.

आईचा फोन. सांगितलं, टेक्निकल क्षेत्रात निवड शेवटच्या टप्प्यात आहे. तिने विचारलं, जेवलास का? विषयांतर.

८ नोव्हेंबर, शनिवार
बूट ठरले नाहीत. अर्धवट तयारीने पेपरला बसायचं नाही, हा धडा सहा वेळा घेतलाय. नरसिंहला कळवलं, उद्या नाही. तो म्हणाला, अरे, आशयचे जुने ट्रेकिंगचे बूट पडलेत ना तुझ्याकडे, ते घाल आणि ये. बिचारा. त्याला वाटतं, बूट म्हणजे बूट.

९ नोव्हेंबर
रविवारी संध्याकाळी मेस बंद. बिस्किटं. नरसिंहने ग्रुपवर फोटो टाकला: झाडाखाली तिघं, मध्ये डबे, कुणीतरी पोटभर हसतंय. मी झूम करून फक्त बूट पाहिले. एकाचाही तळवा धड नाही.

बराच वेळ पाहिले.

१३ नोव्हेंबर
उठल्या उठल्या, डोकं ताजं असताना, कागदावर पाय ठेवून माप घेतलं. फक्त उजव्याचं. डावा तेवढाच असणार; घटनेचं कलम चौदा, सगळे समान. ऑर्डर दिली.

नंतर नोट्स चाळताना पान सतरा: माप संध्याकाळी घ्यावं, दिवसभरात पाय सुजतात, दोन्ही पायांचं घ्यावं. स्वतःच्याच अक्षरात, लाल पेनाने. असो. एखादा प्रश्न चुकतोच.

१५ नोव्हेंबर
बूट वाटेत आहेत. उद्याचा रविवार पुन्हा पुढे. नरसिंह म्हणाला, चलो, ठीक है. आवाज थंड वाटला. हवाच बदललीय, सगळ्यांचे घसे बसलेत.

१९ नोव्हेंबर
आले! देखणे आहेत. आशयला फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा. अधिकारी झाला, वेळ कुठला.

बूट पायात मुरावेत म्हणून खोलीत तासभर चाललो. खालच्या खोलीतली अश्लेषा वर आली. विचारत होती, दादा, खोली सोडताय का, सामान सरकवल्यासारखं वाटलं. मी तिला तळव्यांविषयी सगळं सांगितलं. तिने दोन मिनिटं ऐकलं, अच्छा म्हणाली, गेली. आशय गेल्यापासून दारात आलेलं पहिलं माणूस.

पुन्हा अर्धा तास चाललो, जरा जोरात. आली नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ ७.
गेलो. मेट्रोत डावा पाय आवळत होता. नवं चामडं.

सोसायटीत शिरीषाचं झाड. वर वर्ध्याची वैभवी, टाचा झिजलेल्या बुटांत, खारीसारखी. खाली दोर धरून नीरज म्हणून कुणी. नरसिंह म्हणाला, अरे यार, दोन रविवार वाट पाहिली, मग ह्याला घेतला. मी म्हटलं, मी तर चढायला आलोय. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे, आणि मला हार्नेस बांधला.

चार फूट. फासात डावा पाय रोवला आणि अशी कळ आली की डोळ्यांत पाणी. उतरलो. म्हटलं, या सालीला वेगळं रबर लागेल. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. नीरजने पाण्याची बाटली पुढे केली. वैभवी म्हणाली, बूट मात्र भारी आहेत हं.

डबे उघडले. नरसिंह सरकून म्हणाला, बस, दोन घास खा. ज्वारीची भाकरी होती, शेंगदाण्याची चटणी होती. मी म्हटलं, जेवून आलोय.

का म्हटलं, माहीत नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

आता खोलीत. उजवा बूट निघाला. डावा निघत नाही, पाय सुजलाय. असा बूट समोर बसून दुसऱ्याने ओढायचा असतो. हे एकतीस पानांत कुठेच नाही. मेस बंद. बिस्किटं संपली. फार एकटं वाटतंय.

आशयचे बूट कॉटखालून काढले. उजवा घालून पाहिला. बरोबर बसला.

नरसिंहला मेसेज टाइप केलाय: पुढच्या रविवारी आशयचे बूट घालून येतो, काम नसलं तरी चालेल, तुमच्याबरोबर जेवेन.

पाठवलेला नाही. वाक्यरचना एकदा तपासून घेतो.