खुशीच्या जेवणाचा वेळ

मी, सुलोचनाबाई श्यामलाल बोरकर, धर्म ख्रिस्ती, धंदा बिड्या वळणे, राहणार तिरोडा, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धमकावलेले नाही, गोडीगुलाबीनेही लिहून घेतलेले नाही. पोटातली गाठ वाढल्याचे गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मला रडू आले नाही. परतीची बस चुकेल, एवढेच मनात आले. अजूनही रडू येत नाही, तसेच चालू आहे. मृत्युपत्र आताच का, त्याचे कारण लिहा असे वकीलसाहेब म्हणाले, म्हणून लिहिले.

माझे पती श्यामलाल मागच्या पावसाळ्यात प्रभूकडे गेले. मुलगा इंद्रकुमार आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक आहे. मुलगी खुशी त्याच्याहून मोठी. ती जन्मापासून बोलत नाही, चालत नाही. घास भरवावा लागतो. घाई केली की ठसका लागतो आणि ओठ निळे पडतात, म्हणून तिचे एक जेवण तासभर चालते. हे मृत्युपत्र तिच्यासाठी आहे. बाकीचे नावाला.

१. राहते घर माझ्या वडिलांनी माझ्या नावे केलेले आहे. खुशी जिवंत असेपर्यंत ते तिच्या राहण्यासाठी ठेवावे. विकू नये, गहाण टाकू नये, आणि तिथे प्रार्थनेचे सभागृह बांधू नये. ही शेवटची अट इंद्रकुमारसाठी. त्याने नकाशासुद्धा काढून ठेवला आहे. माझ्यामागे खुशीला नागपूरच्या एका संस्थेत ठेवायचे आणि मधली भिंत पाडायची, असे त्याचे ठरले आहे. मी विचारले, "तिथं तिले कोन जेवू घालन?" तर म्हणाला, "नळीनं देतेत आई, पाच मिनिटांत होते. तुझा सारा जलम तिच्यामागं गेला. देवानं देल्ला टाइम असा वाया घालवाचा नसते." रागाने बोलला नाही. प्रवचनात बोलतो तसा मऊ आवाजात बोलला. मी भांडी घासायला उठले.

२. बँकेत जे असेल ते खुशीच्या औषधपाण्याला.

३. 'वेळ देवाचा आहे' ही भिंतीवरची पाटी इंद्रकुमारने न्यावी. ती त्याच्या वडिलांनी रंगवून घेतली होती. ती वाचून ते सकाळी सायकल काढायचे आणि बोदलकसाकडच्या गावांत प्रार्थनेला जायचे. आजाऱ्यांजवळ बसायचे, भांडणे मिटवायचे. लोक अजून नाव काढतात, आणि ते खोटे नाही. घरी यायचे तेव्हा खुशी झोपलेली असायची. बापलेकीची ओळख तेवढीच राहिली.

४. माझी कैची, सूप आणि पाने कापायचा पत्रा शेजारच्या भूमेश्वरीबाई पटले हिला द्यावा. मंडळीतल्या काही बायांनी बिडीच्या धंद्याला पाप म्हटले. खुशीजवळून न उठता करता येईल असा दुसरा धंदा त्यांनी सुचवला नाही. त्यांना मी काही ठेवलेले नाही.

५. माझ्यानंतर खुशीची पालक म्हणून भूमेश्वरीचीच नेमणूक व्हावी. तसा अर्ज कचेरीत दिलेला आहे, तिची संमती आहे. ती हिंदू आहे, मंडळीला रुचणार नाही, ठाऊक आहे. म्हणून कारण सांगते.

आमच्यात रविवारी साक्ष देतात. आठवडाभर प्रभूसाठी काय केले ते उभे राहून सांगायचे. कोणी उपास केलेला असतो, कोणी दवाखान्यात जाऊन प्रार्थना केलेली असते. मी कधी उठत नसे. एका रविवारी उठले आणि म्हटले, "या हप्त्यात मी खुशीले जेवू घातलं. एकदाबी ठसका लागला नाही. प्रभूची स्तुती असो." कोणी आमेन म्हटले नाही. इंद्रकुमारने घड्याळाकडे पाहिले आणि विचारले, "आणखी कोणाची साक्ष?"

मी घरी आल्यावर भूमेश्वरी म्हणाली, "काऊन वो काकू, तोंड असं काऊन?" मी सांगितले. ती म्हणाली, "माय वो! एकदाबी नाही? मंग मले सांगाचं ना!" हात धुऊन खुशीजवळ बसली, आणि त्या दिवसापासून संध्याकाळचे जेवण तीच भरवते.

मी सातवी शिकले, पण शास्त्र वाचते. प्रभू येशू रस्त्याने निघाला की कोणी ना कोणी आंधळा-पांगळा हाका मारायचा. बरोबरचे लोक त्याला गप्प राहा म्हणायचे. येशू थांबायचा. घाईत असलेला येशू मला त्यात कुठे सापडला नाही. इंद्रकुमारला सापडला असेल तर त्याने दाखवावा.

६. खुशीच्या पश्चात घर इंद्रकुमारचे. मग सभागृह बांधो की काही बांधो. तो वाईट नाही. त्याच्यावर माझा राग आहे, आणि मायाही आहे. सध्या दोन्ही जाणवत नाहीत, पण आहेत, म्हणून लिहून ठेवते.

७. माझ्या मातीच्या दिवशी कोणी साक्ष देऊ नये. प्रवचन नको. माझी शवपेटी अंगणात ठेवावी. खुशीच्या जेवणाची वेळ झाली की इंद्रकुमारने वरणात मऊ भात कालवून तिला स्वतःच्या हाताने भरवावा. त्याने आजवर कधी भरवलेले नाही. तिला टेकवून बसवायचे, मान हातावर घ्यायची. घास लहान. गळ्याला बोट लावले की गिळल्याचे कळते, त्याआधी दुसरा घास नाही. भूमेश्वरीने जवळ बसावे. ठसका लागला तर धरावे, एरवी हात लावू नये. मंडळीने तोवर थांबावे. कोणी घड्याळ पाहू नये. ताट रिकामे झाले, तिचे तोंड पुसले, की मग पेटी उचलावी. त्याआधी मी घरातून निघणार नाही.

सही: सुलोचनाबाई श्यामलाल बोरकर

बाईंनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यादेखत केली.
साक्षीदार: १. मंगरू कोडापे, राहणार तिरोडा
२. केशोराव रहांगडाले, निवृत्त शिक्षक, राहणार तिरोडा

ठिकाण: तिरोडा
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५