ज्याचं त्याच्या नावानिशी

३ तारीख, सोमवार
संकल्प: पहाटे उठणे. बिनसाखरेचा चहा. निवृत्तीआधी केबिनमधलं कपाट आवरणे.
निरोपाचं व्याख्यान सतरा दिवसांवर आलंय. विषय ठरला: रब्बी, म्हणजे ज्यूंचे धर्मपंडित, आणि त्यांची नाव घेण्याची रीत. ही मंडळी याबाबत फार कडक. दुसऱ्याचा विचार सांगायचा तर त्याच्या नावानिशी सांगा. आणि मेलेल्या पंडिताचा विचार त्याचं नाव घेऊन सांगितला, की म्हणे कबरीत त्याचे ओठ हलतात. तीस वर्षं हे शिकवतोय. या वाक्याला वर्ग चिडीचूप होतो. झोपलेले धरून.

५ तारीख, बुधवार
गुरुवारवालीचे वडील येऊन गेले. ती माझी पीएचडीची विद्यार्थिनी. दर गुरुवारी चारला दारावर दोनदा टकटक करून विचारायची, सर, वाचलंत का? मी म्हणायचो, वाचतोय. दोन वर्षांपूर्वी आजारपणात वारली.
वडील म्हणाले, लॅपटॉप झेपेना म्हणून शेवटचं प्रकरण तिने हाताने लिहिलं आणि तुम्हाला आणून दिलं. दुसरी प्रत नाही. तिच्या आईला ते हवंय. मी छातीठोकपणे सांगितलं, माझ्याकडे काहीही आलेलं नाही. तेच दोनदा सॉरी म्हणाले. सज्जन माणूस.
चहात साखर घेतली. प्रसंगच तसा होता.

६ तारीख, गुरुवार, दुपारी ४
दारावर दोनदा टकटक. उघडलं तर कुणी नाही. शिपाई म्हणाला, पाइप वाजतात. तो गेला आणि कपाटातून कुजबुज ऐकू आली. पुन्हा बोलावलं. म्हणाला, मग उंदीर असेल. मला दोन्ही पटलं. संशोधकाने मन मोकळं ठेवावं.

१० तारीख, सोमवार
पहाटे उठलो नाही, पण आंघोळ करताना व्याख्यानाची कल्पना सुचली! जुन्या ग्रंथांत 'कुणीतरी विचारलं' असं सारखं येतं. हा कुणीतरी कोण? ज्याचं नाव गुरूने टिपून ठेवलं नाही, असा एखादा शिष्य! अंगावर काटा आला. तीस वर्षांच्या व्यासंगाचं हे फळ.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ती बारीकशी मुलगी घरी आली होती, ती हेच सांगत होती ना? बायकोची स्मरणशक्ती अलीकडे फारच वाढली आहे.

१३ तारीख, गुरुवार
चारच्या आधीच मुद्दाम ग्रंथालयात जाऊन बसलो. तिथेही दोनदा टकटक. ग्रंथपालबाई म्हणाल्या, सर, टेबलावर तुम्हीच वाजवताय. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

१७ तारीख, सोमवार
कपाट आवरलं. (एक कप्पा.)
प्रकरण सापडलं. जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली होतं. वर चिठ्ठी: सर, सावकाश वाचा. अकराव्या पानापर्यंत माझ्याच पेन्सिलीच्या खुणा! म्हणजे मी विद्यार्थ्यांचं वाचत नाही हा आरोप धादांत खोटा.
नवव्या पानावर 'कुणीतरी विचारलं'. माझी कल्पना, जवळजवळ माझ्याच शब्दांत. समासात माझं अक्षर: ठीक. नंतर बोलू.
लाज वाटली. मग भीती वाटली. कुजबुज चालूच होती. प्रकरण पिशवीत टाकलं.

१९ तारीख, बुधवार
निर्णय पक्का. उद्या पहिल्याच वाक्यात तिचं नाव घेणार. वडिलांना फोन करून बोलावलंय. प्रकरण सगळ्यांसमोर त्यांच्या हातात देणार. मन पिसासारखं हलकं झालं. नाव इथे लिहीत नाही. डायरी कुणाच्या हाती लागली तर उगाच गैरसमज.

२० तारीख, गुरुवार
सभागृह भरलेलं. कुलगुरू पहिल्या रांगेत, वडील शेवटच्या. प्रकरण माझ्या पिशवीत. पहिलं वाक्य आभारात गेलं, म्हणून नाव दुसऱ्यावर ढकललं. मग वाटलं, ओघात आलेलं बरं. नाव घेतलं की कागद इतकी वर्षं माझ्याकडेच होते हे उघड होणार. तेही निरोपाच्या दिवशी. शेवटी म्हणालो, एका विद्यार्थिनीने एकदा विचारलं होतं. टाळ्या पडल्या.
नंतर वडील भेटले. म्हणाले, सगळं कळलं नाही, पण छान वाटलं. ती विद्यार्थिनी कोण, सर? आमच्या मुलीच्या ओळखीची असेल. जाताना म्हणाले, आवरताना ते प्रकरण कुठे दिसलंच तर बघा, घाई नाही.
मी म्हणालो, शोधतोय.

२७ तारीख, गुरुवार, दुपारी ४
केबिन सोडायला तीन दिवस उरले. पिशवी टेबलाखाली तशीच.
टकटक झाली नाही. साडेचारपर्यंत वाट पाहिली. कपाटही गप्प. शिपायाने उंदरासाठी लावलेला पिंजरा रिकामा.
दार आतून लावलं. कपाटाजवळ तोंड नेलं आणि तिचं नाव घेतलं. ओठ हलले, माझेच. आवाज काही फुटला नाही.