सांध्याच्या वरचा फुटवा

मी, या रोपवाटिकेचा मालक, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिक्षण सातवीपर्यंत शाळेत आणि पुढचे सगळे गुलाबांच्या वाफ्यात, हे माझे शेवटचे इच्छापत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो पाहून धाकटी म्हणाली, "पाच मिनिटांत खात्री पटली त्यांची? आईला चाळीस वर्षांत पटली नव्हती." वकिलांनी मसुदा करून दिला होता. पण तो वाचताना कोणी दुसराच माणूस वारल्यासारखे वाटले, म्हणून हे माझ्या हाताने लिहिले आहे. यापूर्वी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर धाकट्या मुलीला. बँकेतली ठेव दोघी मुलींना निम्मी निम्मी. यात भांडण्यासारखे काही नाही. तरी भांडायचेच असेल तर आधी चहा घ्या, मग भांडा.

२. रोपवाटिका, शेडनेट, पाण्याची टाकी आणि परिच्छेद पाचमधले एक सोडून सगळी मूळ झाडे थोरल्या मुलीला. तिच्या हातची रोपे मरत नाहीत. माझ्या हातची मरत, आणि मी गिऱ्हाइकाच्या पाण्याला नावे ठेवत असे.

३. डोळे भरण्याची सुरी नातवाला. वकिलांनी विचारले, "डोळे भरण्याची म्हणजे?" म्हणून खुलासा करतो. जंगली गुलाबाच्या खुंटावर साल चिरून चांगल्या गुलाबाचा एक डोळा, म्हणजे कोवळा अंकुर, बसवायचा आणि पट्टीने बांधायचा, याला डोळा भरणे म्हणतात. जोडला जातो तो सांधा. ही सुरी मी नातवाला कधी हातात धरू दिली नाही, कारण त्याचे रक्त गोठत नाही. हिमोफिलिया. लहानपणी साध्या ठेचेने त्याचा गुडघा भोपळ्याएवढा होई. आता तो एकवीस वर्षांचा आहे आणि आपले इंजेक्शन आपणच घेतो. परवा म्हणाला, "आजोबा, कापलं तर तुमच्यापेक्षा जास्त वेळ वाहील, एवढंच ना? माझं औषध फ्रीजमध्ये तयार असतं. तुमच्याकडे आयोडीनची बाटलीसुद्धा रिकामी आहे." बाटली खरेच रिकामी होती. सुरी त्याची.

४. पिवळ्या गुलाबाविषयी. तीस वर्षांपूर्वी एका लाल गुलाबाला एकच फांदी पिवळी आली. आमच्या धंद्यात एक नियम आहे: फुटवा वेगळा दिसला की दोष खुंटाचा. सांध्याच्या खालून जंगली फुटवा येतो, तो मुळापासून छाटायचा. मी सुरी लावलीच होती. माझी पत्नी शेजारी रोपांना नावाच्या पाट्या बांधत होती. ती म्हणाली, "अहो, थांबा. सांधा कुठंय ते तरी बघा. हा वरून आलाय." खरेच वरून आला होता. चांगल्या घराण्यातल्या लाल गुलाबाने आपण होऊन रंग बदलला होता. त्या फांदीचे चाळीस डोळे भरले, चाळीसही पिवळे निघाले. प्रदर्शनात पहिले बक्षीस मिळाले. प्रशस्तिपत्रावर नाव माझे. भाषणात मी "पारखी नजर लागते" असे म्हणालो आणि ती तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

तरी थोरलीने त्या वाणाच्या पाट्या बदलाव्यात. गिऱ्हाइके माझ्या पत्नीला वहिनी म्हणत. गुलाबाचे नावही 'वहिनी' असावे. प्रशस्तिपत्राची चौकट चांगल्या लाकडाची आहे. तीत तिचा फोटो बसवावा.

५. आता माझ्याच नावावरची जुनी उधारी. नातू अकरा महिन्यांचा असताना आजार कळला. हा आजार आईकडून येतो, एवढे अर्धे वाक्य मी ऐकले आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात, मेहुणीच्या देखत, पत्नीला म्हणालो, "हे तुझ्या माहेरचं." हातात सुरी नव्हती, पण नियम तोच: दोष खुंटाचा. सतरा वर्षे मी हे या ना त्या शब्दांत बोलत राहिलो. मेहुणी यायची बंद झाली. तिच्या मुलींनी तर लग्नाचा धसकाच घेतला.

तीन वर्षांपूर्वी नव्या डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासायला घेतले. एकट्या धाकटीने दिले नाही. अहवाल आला तेव्हा पत्नीला जाऊन पाच आठवडे झाले होते. बाईंनी कागदावर काढून दाखवले. "आजोबा, प्रत्येक पेशीत एक लांबलचक मजकूर असतो. एकाच्या दोन पेशी होताना त्याची नक्कल होते. त्यात कधी एक अक्षर बदलतं, कधी एखादं गळतं, कधी ओळच दोनदा येते. तुमच्या नातवाच्या मजकुरात एक तुकडा उलटा बसलाय."

"म्हणजे हिच्याकडून?"

"आजींच्या रक्तात तो नाही. तुमच्या थोरल्या मुलीत आहे. अशी उलटापालट बहुतेक वेळा पुरुषाच्या बीजात होते."

मी विचारले, फवारणीमुळे झाले का? त्या म्हणाल्या, "काही रसायनं, एक्स-रे, ऊन, यांनी बदल होतात, खोटं नाही. पण तुमचा कशानं झाला हे कोणी सांगू शकणार नाही. पुष्कळदा कारण नसतंच. नक्कल चुकते." एखादा गुन्हेगार सापडता तर मला बरे वाटले असते.

मग नातवाची शाळेतली पुस्तके काढून वाचली. बहुतेक बदलांनी काही बिघडत नाही, काहींनी बिघडते, आणि क्वचित एखादा पिवळा गुलाब होतो. फांदीतला बदल बहुधा फांदीतच राहतो. माझा बदल बीजात होता, म्हणून मी स्वतः ठणठणीत राहिलो आणि बोट दुसरीकडे दाखवत बसलो.

मेहुणीला पिवळ्या गुलाबाचे पहिले, मूळ झाड द्यावे. सोबत अहवालाची प्रत आणि माझे पत्र. हा आजार तुमच्या घरातून आला नाही. हे मी पत्नीला सांगायला हवे होते. ते राहून गेले.

६. धाकटीविषयी. जो तुकडा एका बीजात उलटला, तो माझ्या दुसऱ्या बीजातही उलटलेला असू शकतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, शक्यता थोडी आहे, पण तपासल्यावाचून कळणार नाही. धाकटी तेहतीस वर्षांची आहे. तिला मूल हवे आहे आणि तपासणीला मात्र ती नको म्हणते. विचारले की एकच उत्तर, "कळून काय करू, बाबा?" वकिलांनी सुचवले की तपासणी केली तरच घर, अशी अट घाला. मी नकार दिला. रोपाला दम देऊन कळी येत नाही. तपासणी कर वा न कर, मूल होवो न होवो, घर तुझेच. फक्त एवढे ध्यानात ठेव: तुझ्यात बदल निघाला तरी तो तू केलेला नाहीस, आणि आईने तर नाहीच. रागवायचे असेल तर माझ्यावर रागाव, पण अंधारात बसून राहू नकोस. तुझ्या आईसारखे एकदा सांधा कुठे आहे ते बघ.

७. या इच्छापत्राचा व्यवस्थापक म्हणून थोरल्या जावयाला नेमतो. औषधाच्या खोक्यातला कागद शेवटपर्यंत वाचणारा घरात तो एकच माणूस आहे.

खोडाखोडीबाबत: परिच्छेद सहामध्ये 'बदल निघाला तरी' येथे मी मूळ 'दोष निघाला तरी' असे लिहिले होते. आज सकाळी साक्षीदार यायच्या आधी धाकटीने उभ्याउभ्या सगळे वाचले, माझ्या हातातले पेन घेतले आणि तो शब्द खोडून वर 'बदल' लिहिले. वकील ओरडले, "अहो ताई, ज्याला मिळायचंय त्याने कागदाला हात लावायचा नसतो!" ती म्हणाली, "मग बाबांची सही घ्या शेजारी. मी निघते. बारानंतर ते रक्त घेत नाहीत." हा एक शब्द माझा नाही. तो मी वाचला, मला समजला आणि मला मान्य आहे.

दुरुस्तीशेजारी व अखेरीस सही: रोपवाटिकेचा मालक

आमच्यादेखत त्यांनी सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही:
साक्षीदार पहिला: शेजारचा खतविक्रेता (सही)
साक्षीदार दुसरा: निवृत्त पोस्टमास्तर (सही, चष्मा विसरल्याने मालकांचा लावून केली)

स्थळ: रोपवाटिकेचे कार्यालय, पाट्या रंगवायचे टेबल
तारीख: ९ ऑक्टोबर २०२३, सकाळचे साडेदहा