कुंकू लागलेली रेकॉर्ड

लोणावळा, मार्गशीर्ष, शके १८९३, मंगळवार

वसंतभाऊजींची रेकॉर्ड आज घरी आली. सगळी गाणी त्यांचीच, शब्दही आणि चालही. या गाण्यांपायी माझ्या या धाकट्या दिरांनी रेल्वेतली नोकरी सोडली. खंडाळ्याच्या एका बंगल्यातून रेकॉर्ड वाजवायचा फोनो मागून आणला, मी शेजारणींना बोलावलं.

नवी वस्तू घरात आली की आधी हळदकुंकू. रेकॉर्डवर पहिलं बोट मीच लावलं, मग एकेकीने. भाजे गावच्या भागूमावशी म्हणाल्या, "गानं काय पळून जात न्हाई, आदी पाया पडू द्या."

सुई टेकली आणि नुसती खरखर. देवीच्या गाण्यात तर एकच शब्द पुन्हा पुन्हा. मावशी हसल्या, "ह्यापरीस आमचा बातम्या सांगनारा रेडू बरा." मग सगळ्याच हसल्या.

भाऊजी फडक्याने कुंकू पुसत बसले. मी म्हटलं, दुसरी आणू. तर म्हणाले, "वहिनी, दुकानात पडूनच आहेत, कोणी विचारत नाही. वाटलं, निदान घरचे तरी ऐकतील."

रेघांत बसलेलं कुंकू काही निघालं नाही. मला आधी सुचू नये? पण पूजेत वाईट ते काय होतं?

दिवेलागणीला भाऊजींनी स्वतःच रेकॉर्ड देवघरात नेऊन ठेवली. म्हणाले, "राहू दे इथंच. रोज एक फूल वाहत जा."