पाठमोरे घोडे

प्रिय ताई,

परवा तुझं वर्षश्राद्ध. वारज्याच्या घरी सगळे जमलेत आणि काल तुझ्यावरून चांगलाच वाद झाला. तो तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून लिहायला बसलो.

वाद घोड्यांचा. दुसरं काय असणार!

काकूनं हरभऱ्याचं पोतं आणून दारात ठेवलं. "ब्रह्मपुत्रेतल्या तिच्या बेटावर पाठवा. ज्या घोड्यांसाठी पोरीनं जन्म घालवला, त्यांच्या तोंडी तिच्या नावानं चार घास पडू देत." सगळ्यांनी माना डोलावल्या. तुझी भावजय सुनंदा तेवढी म्हणाली, "घोड्यांनी मागवलेत का?"

पण काकूचं तरी काय चुकलं? खंडोबाच्या जत्रेत देवाच्या घोड्याला आपण भिजवलेले हरभरे भरवायचो, आठवतं? त्याच्या खुराखालची माती तू कपाळाला लावायचीस. घोडा दिसला की हात जोडायचे आणि ओंजळ पुढे करायची, एवढंच आपल्याला शिकवलेलं.

आणि तू जनावरांची डॉक्टर होऊन गेलीस ती ओंजळ ठाऊकच नसलेल्या घोड्यांकडे! महायुद्धात फौजेनं मागं सोडलेल्या घोड्यांचे हे वंशज, असं तिथले म्हातारे सांगतात ना? किती पुरात वाहून गेले, किती चोरांनी बांधून नेले. उरले ते रानाचेच झाले.

तुझ्या फोटोंना आम्ही किती हसायचो! सगळे घोडे पाठमोरे. "अगं, एखाद्याचं तोंड तरी दाखव," मी चिडवायचो.

"बाळ्या, माणूस दिसला की पळतात म्हणून टिकलेत. एकदा हातातलं खाल्लं, की गळ्यात दोर पडायला कितीसा वेळ लागतो?"

भाऊबिजेला मात्र यायचं होतंस गं! पाणी ओसरलं की चोर येतात, म्हणून तू दिवाळीत तिथंच. इथं पाट मांडलेला असायचा आणि मी देवासमोर बसून तुझ्या घोड्यांवर रागवायचो. देव हसत असेल.

काल मी काकूला तुझं ते बोलणं सांगितलं आणि पोतं बेटावर जाणार नाही म्हणालो. काकूनं डोळ्यांना पदर लावला.

"मग एवढ्या वर्षांत एकाही घोड्यानं तिला ओळखलं नाही होय रे?"

"नाही काकू. एकानंही नाही."

हे सांगताना माझा ऊर इतका भरून आला, ताई! तुझ्याबद्दल याहून मोठं मी काय सांगणार होतो?

काकू बराच वेळ तुझे फोटो बघत बसली. मग म्हणाली, "शेपट्या मात्र झोकदार आहेत हं." हरभरे आता ती गावी, देवाच्या घोड्यासाठी घेऊन जाणार आहे. त्याला ओंजळीची सवय आहे.

तुझ्या तिथल्या सोबत्यानं नवा फोटो पाठवलाय. आईमागं धूळ उडवत पळणारं शिंगरू. तेही पाठमोरंच! तो मी देव्हाऱ्याशेजारी लावलाय.

ताई, मी आहे तोवर तुझ्या नावानं त्या बेटावर एक दाणाही जाऊ देणार नाही. कधी तिथं आलोच, तर रिकाम्या हातानं येईन आणि लांबूनच नमस्कार करीन. मला बघून ते पळत सुटले, की तू भेटलीस असं समजेन.

तुझा,
बाळू