आत्याच्या वर्तुळात काय लिहू?

पारशिवनी, ३ फेब्रुवारी २०२५

चि. गुंजनले आजीचा आशीर्वाद.

तुही छातीतली गाठ साधी निघाली, सुटलो. मंग आता डॉक्टरीणबाई खानदान काहून खोदून राहिली? कागदावर गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे माणूस, कोण कशानं मेलं ते भरा म्हणे. तुह्या आईच्या माहेरचं भर. असा रोग मायकडून येते. इकडचं कोरं ठेव. चारुलता आत्या काविळीनं गेली, तेच लिहायचं. काटोलच्या पाहुण्यांनी तुले पसंत केलं हाये. त्यांच्या कानी भलतं गेलं तर? फोन करू नको, इथं तुहा बाप स्पीकर लावून ऐकते. हे पत्र फाड.

आशीर्वाद माहा, अक्कल तुही.
आजी, रुखमाबाई

नागपूर, ९ फेब्रुवारी

ती. आजीस, सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, हा जनुकांतला दोष बापाकडूनही लेकीत उतरतो, बापाला काही झालं नसलं तरी. भर मे महिन्यात डोक्याला रुमाल बांधून बसलेली आत्या मला आठवते वं. काविळीत केस जात नाहीत. घरात जिला हा आजार झाला तिचं रक्त आधी तपासलं, तर माझ्यात नेमकं काय शोधायचं ते कळेल. नाहीतर माझा रिपोर्ट चांगला आला तरी निर्धास्त होता येणार नाही. आत्या तर गेली. मी रोज आंघोळीत चाचपडते, रोज काहीतरी हाताला लागतं. खरं लिही.

रागव, पण माया आटवू नकोस.
तुझी गुंजन

पारशिवनी, १५ फेब्रुवारी

चि. गुंजनले आशीर्वाद.

आत्याले छातीचाच कॅन्सर होता. वय एक्केचाळीस. लिव.

हा रोग झालेली जिती बाई घरात नाही असं तू समजून राहिली, ते चूक. मी हावो. दुर्गेश, तुहा बाप, शाळेत होता तवा माही डावी बाजू नागपुरात कापली. गावात सांगतलं, बैलानं शिंग मारलं. पोलक्यात कापडाची घडी घालून चाळीस वर्षं काढली.

सोमवारच्या पहिल्या एसटीनं येतो. पाहिजे तेवढं रक्त काढा. दुर्गेशले सांगून झालं, दोन दिवस जेवला नाही. त्याचंही काढा. काटोलवाल्यांले मीच सांगीन, मोडलं तर मोडलं.

चारुलतेनं विचारलं असतं तर सांगतलं असतं, असं मनाले सांगत आली. खोटं हाये. तिनं विचारलं होतं. हात लावून म्हणे, माय, शिंगाची खूण इतकी सरळ असते का? म्या तिलेच झापलं. मंग तिनं आपली गाठ वर्षभर मले दाखवली नाही.

लोभ मागाले तोंड नाही. तरी ठेवजो.
आजी